गेंगाणा आवाज: आधी नाक धरून पाहा, मग भूप गा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वय ३१, राहायला जुळे सोलापूर, लहानपणापासून भजनात गाता, पण कुणाकडे बसून शिकलेला नाहीत. आषाढीच्या भजनाचं मंडळातल्या एकाने मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं, ते ऐकून स्वतःचाच आवाज गेंगाणा वाटला आणि तेव्हापासून गायला तोंड उघडायची भीती वाटते. एकाने सांगितलं, नाकाचं हाड वाढलं असेल, ऑपरेशन करून घे. दुसऱ्याने सांगितलं, रोज अर्धा तास ओंकार कर. ओंकार तुम्ही दोन महिने केलात, फरक पडला नाही. आता विचारताय की हे जन्मजात आहे का, आणि नसेल तर नेमका रियाज कोणता करायचा.

सोलापुरात मी गेली सत्तावीस वर्षं गाणं शिकवतेय. ‘ताई, माझा आवाज नाकात जातो’ ही तक्रार घेऊन दर वर्षी दोन-चार जण तरी येतात, आणि त्या दोन-चार जणांत एकाचं दुखणं दुसऱ्यासारखं नसतं. ‘नाकात गाणं’ या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. त्यातली तुमची कोणती हे कळल्याशिवाय रियाज सुरू केला तर मेहनत वाया जाते, कधीकधी उलटा परिणाम होतो. तुमच्या ओंकाराचं तसंच झालं असावं.

त्याआधी रेकॉर्डिंगबद्दल एक गोष्ट. आपला आवाज आपल्याला बाहेरून कानातून आणि आतून कवटीच्या हाडांतून असा दोन वाटांनी ऐकू येतो. हाडांतून येणाऱ्या आवाजात खालचा, भरीव भाग जास्त असतो. रेकॉर्डिंगमध्ये तो नसतो, म्हणून पहिल्यांदा ऐकताना जवळजवळ प्रत्येकाला स्वतःचा आवाज पातळ आणि परका वाटतो. त्यात मंडळाचा स्पीकर, टाळांचा कल्लोळ, मोबाइल कुठेतरी खांबाला टेकवलेला. तेवढ्यावरून स्वतःवर शिक्का मारू नका. बंद खोलीत, मोबाइल हातभर लांब ठेवून, एकट्याने चार ओळी गा आणि त्या ऐका. तरीही गेंगाणा वाटला तर पुढचं वाचा.

आता परीक्षा. आरामात लागेल असा षड्ज (म्हणजे ‘सा’) घ्या, ‘आ’ लांबवा आणि तो चालू असतानाच अंगठा नि बोटाने नाक दाबा, सोडा, दाबा, सोडा. मग हेच ‘ई’वर आणि ‘ऊ’वर करा. आवाज दर वेळी बदलत असेल, नाक दाबल्यावर कोंडल्यासारखा होत असेल, तर हवा नाकातून गळतेय. खात्री करायची असेल तर स्टीलचा चमचा माठाच्या पाण्यात बुडवून, कोरडा पुसून, ‘आ’ सुरू झाल्यावर नाकाखाली धरा आणि ‘आ’ संपायच्या आत काढून घ्या. चमच्यावर वाफ धरली तर गळती पक्की. (चमचा गार हवा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ताटाळ्यातला चमचा तसाच धरलात तर काहीच दिसणार नाही.) नाक दाबून काही बदलत नसेल, चमचा स्वच्छ राहत असेल, आणि तरीही कानाला गेंगाणा लागत असेल, तर ते प्रकरण दुसरं. आणि ‘मामा’ म्हणताना ‘बाबा’ ऐकू येत असेल, ‘नाना’चं ‘दादा’ होत असेल, तर तिसरं: नाक बंद आहे, हवा जायला हवी तिथेही जात नाही.

तिसऱ्याचं आधी सांगून टाकते, कारण ते माझ्या हातातलं नाही. सर्दी, धुळीची अ‍ॅलर्जी, सायनस, नाकातला वाकडा पडदा (लोक ज्याला ‘नाकाचं हाड’ म्हणतात), लहान मुलांत नाकामागच्या वाढलेल्या गाठी, यांनी नाक बंद होतं. त्याला नाक-कान-घशाचे डॉक्टर. पण ‘नाकाचं हाड’ सरळ केलं म्हणून गळती थांबते असं नाही. गळतीचं दार मागे, घशाच्या वर असतं. हाड पुढे, नाकात. म्हणून ऑपरेशनचा निर्णय श्वासाच्या त्रासावरून, डॉक्टरांनी तपासल्यावरच घ्या, गाण्यासाठी म्हणून नको. मात्र पाणी पिताना ते नाकातून येत असेल, गाल फुगवून हवा धरून ठेवता येत नसेल, बोलणंही लहानपणापासून गेंगाणं असेल, किंवा आवाज अचानक अलीकडेच असा झाला असेल, तर रियाज बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. टाळूच्या स्नायूंचं किंवा जन्मजात फटीचं दुखणं रियाजाने बरं होत नाही.

आता पहिला प्रकार, गळतीचा. आरशात ‘आ’ करून पाहिलं तर मागे पडजीभ लोंबताना दिसते. ती ज्या मऊ टाळूला लटकते तो टाळू म्हणजे एक झडप. खाली आली की तोंडाची वाट आणि नाकाची वाट एक होते. वर गेली की नाकाची वाट बंद. म, न, ण आणि ‘रंग’, ‘पंच’ यांमधले अनुस्वार म्हणताना ती खाली यायलाच हवी, नाहीतर ती अक्षरंच होणार नाहीत. बाकी सगळ्या अक्षरांना ती वर हवी. नाकाची पोकळी आतून मऊ, ओली, वाकडीतिकडी. तिचा आकार आपल्याला बदलता येत नाही, आणि ती आवाज पिऊन टाकते. म्हणून झडप उघडी राहिली की स्वर एकाच वेळी दबलेला आणि गेंगाणा होतो. गाणारा जोर लावतो, पण आवाज पुढे जात नाही.

आणि भजन गाणाऱ्यांचं काय होतं पाहा. ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ म्हणा. ज्ञा, नो, मा, शेवटचा म. ‘पांडुरंग’ म्हणा, दोन अनुस्वार. नाम, राम, नामदेव, चंद्रभागा. आपण ज्या नामात वाढलो ते नाकाच्या अक्षरांनी भरलेलं आहे. झडप खाली येते, वर जायला वेळ मिळण्याआधी पुढचा म येतो, आणि मग ती वर जायचं सोडूनच देते. ‘माउली’तला म नाकातला असणारच, पण त्यामागून ‘आ’, ‘उ’, ‘ली’ सगळेच नाकातून निघतात. उलट ‘जय हरी विठ्ठल’ म्हणा. यात नाकाचं एकही अक्षर नाही. नाक घट्ट धरून म्हटलं तरी जसंच्या तसं यायला हवं. येत नसेल तर दोष कुठे आहे ते तुमच्याच बोटांना कळेल.

इथे माझी एक चूक सांगते, कारण तुमच्या ओंकाराशी तिचा संबंध आहे. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक मुलगी होती, गोड गळ्याची पण गळती असलेली. मी तिला तोंड मिटून ‘म्’चा गुंजारव दिला, आवाज मोकळा होईल म्हणून. रोज वीस मिनिटं, तीन महिने तिने प्रामाणिकपणे केला, आणि ती आणखी नाकात गायला लागली. मी तिच्या झडपेला खाली राहायचीच सवय लावत होते. गुंजारव वाईट नाही, गळा सैल करायला तो मी आजही देते, पण गळती असणाऱ्याला नाही. ओंकारही तसाच. त्यात ‘ओ’ लांब आणि ‘म्’ निमिषभर ठेवलात तर चालेल. बहुतेक जण ‘ओ’ दोन सेकंद आणि ‘म्’ दहा सेकंद करतात. मनाला त्याने शांतता मिळते, पण गळतीवर त्याचा इलाज होत नाही.

मग इलाज काय? झडप जाणूनबुजून हलवता येते हे आधी शरीराला कळलं पाहिजे. ‘रंग’ हा शब्द घ्या आणि अनुस्वारावर थांबा: ‘रङ्ङ्ङ्’. सगळा आवाज नाकात घुमतोय. आता तिथून ‘गा’ सोडा: ‘रङ्ङ्ङ्-गा’. ‘ग’ फुटायला तोंडात हवेचा दाब लागतो, आणि तो दाब झडप मिटल्याशिवाय तयारच होत नाही. म्हणजे ‘ग’ म्हटला की झडप आपोआप वर. ‘गा’ लांबवा, नाक दाबून खात्री करा. असं दहा वेळा. मग ‘क’ने, ‘ब’ने: अंब-बा, अंक-का. जांभई येण्याच्या क्षणी टाळू जसा वर ताणला जातो तेही आठवा, पण जांभईतच गाऊ नका. जिभेचं मूळ खाली दाबलं जातं आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा होतो.

यापुढचा रियाज मी माझ्या वर्गातच जमवला आहे आणि त्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. सरगमीकडे अक्षरं म्हणून पाहा: सा, रे, ग, म, प, ध, नी. यात नाकाची अक्षरं दोनच, म आणि नी. आता भूप राग आठवा. त्यात म आणि नी वर्ज्य. सा रे ग प ध, पाचही अक्षरं तोंडाची! म्हणून गळती असणाऱ्याला मी पहिले तीन आठवडे भूपाशिवाय काही गाऊ देत नाही. ‘सा रे ग, रे ग प, ग प ध, प ध सां’ हा पलटा (‘सां’वरचं टिंब वरच्या ‘सा’ची खूण आहे, अनुस्वार नाही), निम्म्या वेळी नाक धरून, निम्म्या वेळी सोडून, दोन्ही वेळा आवाज एकसारखा येईपर्यंत. नाक धरून गाताना ‘ग’ किंवा ‘प’ला कोंडल्यासारखं झालं तर तिथेच थांबायचं, ‘रङ्ङ्-गा’ करायचं आणि परत यायचं.

भूप स्वच्छ झाला की दुर्गा. सा रे म प ध. यात नाकाचं एकच अक्षर आलं, म. आता काम बारीक आहे: ‘म’ नाकात वाजू दे, पण त्यातला ‘अ’ तोंडात आला पाहिजे. ‘रे म प’ सावकाश गा. ‘म’ला ओठ उघडल्यावर पुढच्या ‘अ’वर नाक धरा. आवाज बदलला तर झडप उशिरा वर जातेय. मदतीला पुढचा ‘प’ आहेच, तो तिला वर ढकलतो. मग हंसध्वनी, सा रे ग प नी. इथे म नाही, फक्त नी आहे. ‘नी’चं ‘नीं’ होणं हा मला सगळ्यात जास्त ऐकू येणारा दोष. ‘ई’ला झडप घट्ट मिटावी लागते, थोडी फट राहिली तरी लगेच ऐकू येतं. आणि शेवटी यमन, सगळी अक्षरं एकत्र. हे चार राग मी रागदारी शिकवायला म्हणून इथे सांगत नाहीये, त्यामुळे शास्त्रीय शिकलेला नाहीत म्हणून बिचकू नका. पेटीवर स्वर दाबून नुसती सरगम केलीत तरी चालेल.

आणखी एक सवय तपासा. पेटीचा षड्ज ऐकला की पुष्कळ जण आधी तोंडातल्या तोंडात ‘हं’ किंवा ‘म्’ करून सूर शोधतात आणि तसेच ‘आ’त शिरतात. म्हणजे प्रत्येक ओळीची सुरुवातच उघड्या झडपेने. सूर मनात लावा, श्वास घ्या आणि थेट ‘सा’ म्हणा.

आता दुसरा प्रकार: नाक धरून काही बदलत नाही, पण आवाज गेंगाणा. माझ्याकडे येणाऱ्यांत हेच जास्त निघतात, आणि मला वाटतं तुमचंही यात काहीतरी असावं, कारण तुम्ही लिहिलंय की उंच स्वरांना जास्त जाणवतं. इथे हवा नाकातून जातच नाही. जबडा आवळलेला, जीभ मागे गोळा झालेली, गळ्याची घाटी वर चढलेली, त्यामुळे घशातली वाट चिंचोळी होते आणि आवाज टोकदार, चिरका येतो. कान त्याला ‘नाकातला’ म्हणतो. शार्ङ्गदेवांनी तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांच्या दरबारात असताना, ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात निंद्य गायकांचे २५ प्रकार सांगितलेत. यादीत पहिला ‘संदष्ट’, दात आवळून गाणारा, आणि शेवटचा ‘सानुनासिक’, नाकात गाणारा. माझ्या वर्गात हे पहिला आणि पंचविसावा पुष्कळदा एकाच माणसात भेटतात.

सोलापूरच्या पूर्व भागातला एक विद्यार्थी आठवतो. यंत्रमागावर कामाला, घरी तेलुगू, माझ्याशी मराठी, आणि गळा खरोखर चांगला. दिवसभर मागांच्या खडखडाटात शेजारच्याला हाक मारायची तर आवाज आवळून, टोकदार करूनच मारावी लागते. मोकळा आवाज त्या गोंगाटात ऐकूच जात नाही. पंधरा वर्षं तसं बोलून त्याला गाणंही तसंच करायचं असतं असं वाटायचं. मी त्याला कानांच्या पुढे, जबड्याच्या सांध्यावर बोटं ठेवून आरोह, म्हणजे चढते स्वर, गायला लावला. मध्यमापर्यंत (म) बोटांखाली खळगा होता, पंचमाला (प) तो भरला, धैवताला (ध) जबडा मिटलाच. तो थांबला, पुन्हा गायला, पुन्हा तेच. ‘ताई, हे तर मीच बंद करतोय,’ म्हणाला. त्याला मी एवढंच करायला लावलं: जिभेचं टोक खालच्या दातांना टेकलेलं, दातांमध्ये बोटभर फट, ओठ सैल, आणि बोटांखालचा खळगा भरला की तिथून परत फिरायचं, वर जायचं नाही. पाचेक आठवड्यांत तो धैवतापर्यंत मोकळा गेला. वरचा षड्ज यायला आणखी पुष्कळ दिवस लागले.

त्यातलं निम्मं श्रेय पट्टीचं. मंडळांत पट्टी बहुधा ज्याचा गळा सगळ्यात उंच त्याच्या सोयीने धरली जाते. तुमच्याकडे पांढरी चार आहे, म्हणजे पेटीची चौथी पांढरी पट्टी ‘सा’ धरतात, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्यासारख्या साध्या पुरुषी गळ्याला घरच्या रियाजात काळी एक धरा, म्हणजे पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या मिळून चार पट्ट्या खाली. आवाज तिथे आपोआप मोकळा झाला, तर तुमचा दोष नाकाचा नव्हता, उंचीचा होता. मंडळाची पट्टी एकट्यासाठी बदलता येत नाही हे मला कळतं. पण तारसप्तकातली, म्हणजे वरच्या ‘सा’च्याही वर जाणारी, ओळ आली की ती सगळ्यांबरोबर ताणायलाच हवी असं नाही. तेवढी ओळ टाळ वाजवा आणि खाली आल्यावर सामील व्हा. आणि पेटीवाल्यांशी एकदा बोला. दोन पट्ट्या खाली घेतल्या तर निम्मं मंडळ मनातल्या मनात तुमचे आभार मानेल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्याही सांगायला हव्यात. एकाच माणसात गळती आणि आवळणं दोन्ही असू शकतं. तेव्हा आधी आवळणं सोडवा, मग गळती. पंधरा-सोळाच्या मुलाचा आवाज फुटत असेल तर यातलं काहीच घाईने ठरवू नये. आणि आवाजात नाकाचा अंश मुळीच नको असंही नाही. गायक कुंदनलाल सैगलांच्या आवाजात तो होता आणि पिढ्यांनी त्यावर जीव टाकला. वासुदेवाच्या गाण्याला ती धार शोभते. आपल्याला हवं तिथे झडप उघडता यावी आणि नको तिथे मिटता यावी, एवढंच मागायचं. दही, चिंच, आंबट बंद करून हे सुधारतं का असंही पुष्कळजण विचारतात. घशाला त्रास होत असेल तर बंद करा, झडपेचा त्याच्याशी संबंध नाही.

रोजचा वेळ पंचवीस मिनिटं पुरे, तोही सलग नको. सकाळी पाच मिनिटं खर्जात, म्हणजे खालच्या स्वरांत, सैल ‘आ’, जबड्यावर बोटं ठेवून. मग दहा मिनिटं ‘रङ्ङ्-गा’ आणि भूपाचा पलटा. संध्याकाळी दहा मिनिटं ‘जय हरी विठ्ठल’ एका स्वरावर, मग हळूहळू चार स्वरांत फिरवत. ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ पहिला महिना रियाजात घेऊ नका, मंडळात अर्थातच म्हणा. दीड-दोन महिन्यांत फरक ऐकू यावा असा माझा अनुभव आहे. तीन महिन्यांत काहीच हललं नाही, तर कुणा जाणत्या शिक्षकासमोर बसा किंवा डॉक्टरांकडून टाळू तपासून घ्या.

आणि रेकॉर्डिंगला घाबरू नका, ते सोडूही नका. दर एकादशीला, त्याच खोलीत, मोबाइल तेवढ्याच अंतरावर ठेवून, त्याच पट्टीत दोनच गोष्टी गा: आधी भूपाचा पलटा, मग एकदा ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’. मधल्या दिवसांत ऐकायचं नाही. चौथ्या एकादशीला पहिलं आणि चौथं लागोपाठ लावा, आणि कान ‘तुकाराम’मधल्या ‘का’वर ठेवा. त्याच्या मागे ‘माउली’तला म आहे आणि पुढे शेवटचा म. तो ‘का’ स्वच्छ आला की नाही ते मला जरूर लिहा.